जज विन्स्लेडचं अकरावं प्रकरण

शनिवारी दुपारी तीनपर्यंत वसुधाचे चौसष्ट दिवे झाले होते. उद्या देवदत्तला पंच्याहत्तर पूर्ण होणार, औक्षणाला कणकेचे पंच्याहत्तर दिवे हवेत, आणि हे काम तिने कुणाला करू दिलं नव्हतं. हात चालू होते, लक्ष मात्र बाहेरच्या खोलीत होतं. तिथे देवदत्त येरझारा घालत होता. खिडकीपासून जिन्यापर्यंत, जिन्यापासून खिडकीपर्यंत. बॉथेल गावातल्या या घरात तीस वर्षं काढल्यावर कुठली फळी कुठे वाजते हे तिला पाठ होतं. जिन्याजवळची फळी आज सारखी वाजत होती.

केदार सकाळच्या विमानाने चँडलरहून आला होता, बायको आश्लेषाला आणि मुलांना न आणता. संगणकाच्या चिपच्या कारखान्यातून त्याला दोन दिवस मोकळे मिळणं हीच मोठी गोष्ट होती. पण आल्यापासून त्याने वाढदिवसाचा विषय काढला नव्हता. बॅग खाली ठेवता ठेवता त्याने आईला एवढंच विचारलं होतं, "बाबांचं ते अकरावं प्रकरण खरंच बुधवारी छापून येणार आहे?"

"येणार आहे."

"आणि ताईचा इंटरव्ह्यू गुरुवारी."

"हो."

तो बूट काढायचे विसरून तसाच वर गेला, तेव्हाच वसुधाला कळलं की हा वाढदिवसाला आलेला नाही.

गेली नऊ वर्षं या घरात जज एझ्रा विन्स्लेडचा मुक्काम होता. देवदत्त किडनीचा डॉक्टर म्हणून निवृत्त झाला, त्याच वर्षी त्याची एक जुनी पेशंट, मार्गारेट विन्स्लेड, गेली. सहा वर्षं तिचं डायलिसिस त्याच्या देखरेखीखाली चाललं होतं. तिचा नवरा वॉल्टर हा मोठा वकील. महिनाभराने तो दोन पेट्या घेऊन दारात उभा राहिला. त्यात त्याच्या पणजोबांची पत्रं आणि कागद होते. आमच्या घरात हे कुणी वाचलं नाही, तुला वेळ आहे, तू वाच, असं तो म्हणाला होता.

देवदत्तने ते इतकं मनावर घेतलं की एझ्रा विन्स्लेड जेवणाच्या टेबलावरसुद्धा येऊन बसू लागला. व्हर्मॉन्टमधल्या चामडं कमावणाऱ्याचा मुलगा. जहाजाने पॅसिफिकच्या किनाऱ्याला आला, लाकूडतोड्यांच्या थकलेल्या मजुरीचे दावे लढवत वकील झाला, पुढे फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टाचा न्यायाधीश. अठराशे शहाऐंशी साली जमावाने चिनी मजुरांना घरांतून ओढून काढलं, तेव्हा याने गावातल्या अकरा प्रतिष्ठितांवर वॉरंट काढली. त्याच्या घराच्या काचा फुटल्या, बायकोला दुकानदार सामान देईनात, पण वॉरंट त्याने मागे घेतली नाहीत. अठराशे एक्क्याण्णवमध्ये देशात नवी अपील कोर्टं निघाली आणि तो त्यातल्या एकावर गेला. तिथली त्याची दहा वर्षं आणि त्यातले निकाल देवदत्तला तोंडपाठ होते. हा माणूस मला पंचवीस वर्षं आधी भेटायला हवा होता, असं तो पाहुण्यांना सांगायचा.

मूळ अक्षर वाचायचं काम मात्र वसुधाचं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांच्या नोंदी टाइप करण्यात तिची बावीस वर्षं गेली होती, त्यामुळे कसलंही अक्षर तिला लागायचं. मागच्या वर्षी एका पत्राचं चौथं पान वाचताना तीच थांबली होती. तिने ते दोनदा वाचलं, स्वच्छ उतरवून काढलं आणि काही न बोलता देवदत्तच्या टेबलावर ठेवलं. त्या पानातून अकरावं प्रकरण निघालं.

आता ते प्रकरण इतिहास संस्थेच्या त्रैमासिकात आधी येणार होतं, पुस्तक त्यानंतर. आणि वॉल्टर विन्स्लेड न्यायाधीशांची नावं सुचवणाऱ्या, सिनेटरांच्या निवड समितीचा सर्वांत जुना सभासद होता. अपील कोर्टाच्या रिकाम्या जागेसाठी समितीने ज्या तिघांना गुरुवारी बोलावलं होतं, त्यात वसुधाच्या थोरल्या मुलीचं, वीणाचं नाव होतं.

वसुधाने पासष्टावा दिवा वळला, तो बिघडला, तिने तो परत गोळ्यात मिसळला.

*

चहाच्या वेळी वीणा आली. बरोबर तिची सोळा वर्षांची मुलगी आन्या होती. आन्याचे वडील राजीव घटस्फोटानंतर फ्रिस्कोला असत, त्यामुळे सणावाराला या घरी ही दोघींचीच जोडी यायची. वीणाने कोट काढला नाही. ती खुर्चीच्या टोकावर बसली आणि उद्याच्या हॉलच्या चाव्या कुणाकडे आहेत असं विचारत राहिली.

केदारने ठरवून ठेवलं होतं की चहा संपल्यावर बोलायचं. पण बाबा बसतच नव्हते, कप हातात घेऊन फिरत होते, त्यामुळे त्याला वाट बघवेना. तो बोलायला लागला. मीटिंगमध्ये बोलतो तसा, आधी फायदे, मग तोटे. पुस्तक छापू नका असं कुणीच म्हणत नाही, तो म्हणाला. फक्त सहा महिने पुढे ढकला. नोव्हेंबरमध्ये समितीची नावं जातील, वसंतापर्यंत सगळं पार पडेल, मग खुशाल छापा. सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट, अजून सहा महिन्यांनी तिचं काय बिघडणार आहे.

"वॉल्टर तसला माणूस नाही," देवदत्त म्हणाला.

"कसला नाही? बाबा, त्याचा पणजोबा आहे तो. कोर्टात त्याचं ऑइल पेंटिंग लावलंय. बुधवारी त्याला अंक मिळणार, गुरुवारी ताई त्याच्यासमोर बसणार. त्याने काही केलं नाही तरी त्याच्या मनात येणारच ना?"

"मला ते छापायचंय," देवदत्त म्हणाला. "मी नऊ वर्षं त्या माणसाची बाजू मांडतोय. उरलेली बाजू लपवली तर आधीची दहा प्रकरणंही खोटी ठरतात."

"ताईची एकोणीस वर्षं खोटी ठरली तर चालतील?"

ही एकोणीस वर्षं काय होती ते टेबलावरच्या सगळ्यांना माहीत होतं. ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींची वीणा फेडरल कोर्टात सरकारी बचाव वकील होती. मोठ्या फर्ममधल्या मैत्रिणी कुठल्या कुठे गेल्या, ही तुरुंगाच्या भेटखोल्यांत बसत राहिली. यापूर्वी दोनदा तिचं नाव न्यायाधीशपदासाठी चर्चेत येऊन मागे पडलं होतं. दुसऱ्या वेळी ती तीन आठवडे आईशीसुद्धा बोलली नव्हती.

केदारने आईकडे पाहिलं. ती आपल्या बाजूने आहे हे त्याला फोनवरच कळलं होतं.

"अहो," वसुधा म्हणाली, "छापू नका असं नाही म्हणत मी. पण या पोरीने कधी काही मागितलं नाही आपल्याकडे. आणि आताही मागत नाहीये. तिच्यासाठी केदार बोलतोय."

वीणा कपाकडे बघत होती.

देवदत्तने कप टेबलावर ठेवला. तुम्ही तिघे एका बाजूला आणि मी एकटा एका बाजूला, असं आहे तर, असं काहीसं तो म्हणाला. केदार म्हणाला की बाजूबिजू काही नाही, मला परवा हे सुचलं आणि मी तिकीट काढलं, ताईला तर मी इथे येऊन हे बोलणार हेही माहीत नव्हतं. हे त्याने फार सहज म्हटलं. विमानात पाठ करून आल्यासारखं.

आन्या इतका वेळ फोनमध्ये होती. तिने मान वर केली.

"पण मॉम, तूच केदारमामाला कॉल केलास ना? ट्यूसडेला. आय वॉज इन द कार. तू म्हणालीस, बाबा तुझं ऐकतील, माझं नाही."

केदारला आन्याचा राग आला, मग स्वतःचा आला. त्याने काहीतरी सावरायचा प्रयत्न केला, पण वीणाने हात वर करून त्याला थांबवलं.

"हो, मी केला होता," ती म्हणाली. "मीच सांगितलं त्याला."

ती उठली. सगळ्यांना वाटलं ती बाहेर जाईल, गाडी काढेल. पण ती देवदत्तच्या अभ्यासाच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

वसुधाला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की एका मिनिटापूर्वी ती मुलीच्या न मागण्याबद्दल बोलली होती आणि वीणाने ते ऐकून घेतलं होतं. केदार आईच्या जवळ येऊन म्हणाला की ताईने मला शपथ घातली होती, मी काय करणार. आन्या रडकुंडीला आली होती, तिला आपण काय केलं ते कळत नव्हतं. आजीने तिला जवळ बसवलं. आन्याने हळूच विचारलं, त्या चॅप्टरमध्ये एवढं काय आहे?

वसुधाने तिला सांगितलं. एक चिनी बाई होती, वाँग शी नावाची, वय एकवीस. नवऱ्याचं बंदरगावात औषधी मुळ्यांचं दुकान होतं. ती जहाजाने त्याच्याकडे आली आणि अधिकाऱ्यांनी तिला उतरू दिलं नाही, धक्क्यावरच्या लाकडी शेडमध्ये कोंडून ठेवलं. नवऱ्याने जज विन्स्लेडच्या कोर्टात अर्ज केला. जजने निकाल लिहिला, तिला सोडा असा. डिसेंबरमध्ये. पण तेव्हाच त्याचं नाव नव्या अपील कोर्टासाठी सिनेटपुढे होतं, आणि पश्चिमेकडच्या सिनेटरांना चिनी माणसाच्या बाजूने लागलेला निकाल आवडला नसता. म्हणून त्याने तो लिहिलेला निकाल जाहीर केला नाही. खणात ठेवला. भावाला पत्रात लिहिलं, सिनेटचं माझ्याशी असलेलं काम उरकेपर्यंत हा कागद खणात राहिलेला बरा, तीन महिन्यांनी काही बिघडत नाही.

"अँड देन?"

"फेब्रुवारीत ती त्या शेडमध्येच गेली. न्यूमोनियाने. मार्चमध्ये त्याला अपील कोर्ट मिळालं."

आन्या म्हणाली, "सो केदारमामा पण तेच म्हणाला. सहा महिन्यांनी काय बिघडणार."

केदार खिडकीशी उभा होता. त्याने ते ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवलं नाही.

*

अभ्यासाच्या खोलीत वीणा ते प्रकरण वाचत होती. नऊ वर्षांत तिने बाबांच्या पुस्तकाचं एकही पान वाचलं नव्हतं. त्यांचा तो जज तिला नकोसा व्हायचा. आपण दिवसभर जिवंत माणसांचे खटले लढून यावं, आणि बाबांनी आपल्याला एखाद्या मेलेल्या जजचा निकाल ऐकवावा. मंगळवारी आईने फोनवर पत्रातली ती ओळ सांगितली तेव्हाही तिच्या मनात पहिल्यांदा वॉल्टरचं तोंड आलं होतं, त्या बाईचं नाव तिने नीट ऐकलंही नव्हतं. दहा मिनिटांनी तिने केदारला फोन लावला होता.

आता ती वाचत गेली तशी तिची सवय जागी झाली. अर्ज कधी केला, नवऱ्याच्या वकिलाने किती वेळा तारीख मागितली, शेडमध्ये डॉक्टर कधी आला. बाबांनी प्रत्येक तारीख शोधून काढली होती. वकिलाने अकरा वेळा विचारणा केली होती. अकराही वेळा कारकुनाचं उत्तर एकच होतं, साहेब विचार करत आहेत.

तिच्या स्वतःच्या फायलींत अशी पत्रं होती. तिने स्वतः पाठवलेली.

दार वाजलं आणि देवदत्त आत आला. तो तिच्यासमोर बसला नाही, पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभा राहिला.

"मी तुझ्यावर चिडलेलो नाही," तो म्हणाला.

"चिडायला हवं. मी लपून केलं."

"वीणा, मी काल संस्थेत फोन केला होता."

तिला कळलं नाही.

"एडिटरला. अकरावं प्रकरण या अंकात घेऊ नका म्हणालो, आणि पुस्तक एप्रिलमध्ये काढू. तब्येतीचं कारण दिलं. तो लगेच हो म्हणाला. केदार बोलायला लागला तेव्हा हे सगळं आधीच झालं होतं."

"मग तुम्ही बाहेर तासभर भांडत कशासाठी होतात?"

देवदत्तने चष्मा काढला. तो म्हणाला की मला माझ्या तोंडून ते ऐकायचं होतं. निदान मुलांसमोर तरी आपण न झुकणारा माणूस आहोत असं वाटायला हवं होतं. काल फोन ठेवल्यापासून मी घरात बसू शकलेलो नाही. मी त्या माणसावर चौतीस पानं लिहिली, त्याने कागद खणात का ठेवला म्हणून. आणि माझी वेळ आली तेव्हा मला चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

वीणाला वाटलं होतं की बाबांना तिच्या नोकरीचं कधी फारसं वाटलं नाही. डॉक्टर न झालेली मुलगी, गुन्हेगारांची वकील. त्यांनी तिच्यासाठी आपलं नऊ वर्षांचं काम खाली ठेवलं होतं, आणि ते तिला कळू द्यायचं नव्हतं. पण त्याच वेळी तिला दुसरंही काही जाणवत होतं, आणि ते तिला बोलावंच लागलं.

"बाबा, मला ती जागा हवीय. किती हवीय ते तुम्हाला सांगता येणार नाही. गुरुवारी ते मला विचारणार, तुमच्या मते न्यायाधीशात काय असायला हवं. आणि माझं उत्तर तयार आहे, सुंदर उत्तर आहे. हे प्रकरण कपाटात ठेवून मी ते कसं देऊ?"

"कुणाला कळणार नाही."

"त्याचंही कुणाला कळलं नव्हतं. आईला कळलं."

मग तिने विचारलं की वॉल्टर उद्या जेवायला येणार आहे ना. तो हो म्हणाला. तर मग जेवणाआधी आपण त्याच्याकडे जाऊ, ती म्हणाली. त्याला हे छापील अंकातून कळता कामा नये. तुम्ही त्याचे मित्र आहात, पणजोबाचं तुम्ही सांगा. माझं मी सांगीन.

"तुझं काय?"

"मी थांबवायला सांगितलं होतं, ते."

"ते सांगायची काय गरज आहे?" देवदत्तचा आवाज पहिल्यांदा चढला. "ते घरातलं आहे. ते सांगितलंस तर संपलं सगळं."

"कदाचित," वीणा म्हणाली.

जेवताना तिने सगळ्यांना ठरलेलं सांगितलं. केदार तिला वेडी म्हणाला. घरातल्या घरात झालेली गोष्ट समितीसमोर नेणं हा प्रामाणिकपणा नाही, ही हौस आहे, असं तो म्हणाला, आणि आईकडे वळला. पण दुपारी त्याच्या बाजूला असलेली आई आता तिथे नव्हती. वसुधा म्हणाली, त्या जजच्या बायकोला तो कागद खणात आहे हे माहीत होतं की नाही, ते मी पत्रांत फार शोधलं. सापडलं नाही. मला ते फार दिवस टोचतंय. तुम्ही जा.

केदारने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला की सकाळी गाडी मी चालवतो.

*

वॉल्टर विन्स्लेड कर्कलंडला तळ्याकाठच्या एका इमारतीत एकटा राहत असे. रविवारी सकाळी साडेनऊला तो सूट घालून तयार होता, डॉक्टरच्या पंच्याहत्तरीसाठी. दोघांना दारात पाहून तो हसला. देवदत्तने त्याला बसायला सांगितलं.

देवदत्तला वाटलं होतं आपण नीट सांगू. पण पहिल्या दोन वाक्यांनंतर त्याने पत्राची प्रतच त्याच्या हातात दिली, आणि खाली वसुधाने उतरवलेली ओळ दाखवली. वॉल्टरने ती वाचली. मग मूळ अक्षराशी एकेक शब्द जुळवून पाहिला, वकिलासारखा. खिडकीबाहेर कुणीतरी लहान होडी पाण्यात ढकलत होतं.

"माझी आजी त्यांच्याबद्दल बोलायची नाही," तो शेवटी म्हणाला. "त्यांची सून असून तिने एका शब्दाने त्यांची आठवण काढली नाही. मला वाटायचं तिचा स्वभावच तसा." मग त्याने विचारलं, "ती किती दिवस होती तिथे?"

"ब्याऐंशी," देवदत्त म्हणाला.

वॉल्टरने मान हलवली. छाप, तो म्हणाला. पेट्या मी तुला दिल्या, अटी घातल्या नव्हत्या.

तेव्हा वीणा बोलली. मंगळवारी आपण काय केलं, भावाला काय सांगितलं, आणि वडिलांनी तिच्याकरता प्रकरण कसं मागे घेतलं होतं, हे तिने सात-आठ वाक्यांत सांगितलं, कुठेही स्वतःला सोडवून न घेता. देवदत्त जमिनीकडे बघत होता.

"हे तू मला सांगितलं नसतंस तर मला कधीच कळलं नसतं," वॉल्टर म्हणाला.

"माहीत आहे."

"आता मला तुझ्या फाइलपासून दूर व्हावं लागेल. आणि का, ते बाकीच्या पाच जणांना सांगावं लागेल. त्यातल्या दोघांना तू आधीच पसंत नाहीस." त्याने पत्र घडी घालून देवदत्तकडे परत दिलं. "माझं मत तुला होतं, वीणा. ते आता कुणालाच नाही."

तो जेवायला आला नाही. आज माझ्याच्याने लोकांत बसवणार नाही, असं त्याने दारापर्यंत सोडायला येताना सांगितलं, आणि देवदत्तचा हात बराच वेळ धरून ठेवला. खाली गाडीत केदार वाट बघत होता. हॉलवर चाळीस माणसं जमली होती. औक्षणाच्या वेळी पंच्याहत्तर ज्योतींच्या उजेडात देवदत्तच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि पाहुण्यांना ते वयाचं वाटलं.

सोमवारी सकाळी आठ वाजता त्याने एडिटरला फोन करून प्रकरण पुन्हा अंकात घ्यायला लावलं. तब्येतीचं विचारल्यावर, तब्येत ठीक होती, मी खोटं बोललो होतो, असं तो म्हणाला. अंक दोन दिवस उशिरा निघाला.

*

गुरुवारी वीणाचा इंटरव्ह्यू झाला. पाच जण होते, एक खुर्ची रिकामी होती. मागच्या मंगळवारच्या फोनबद्दल त्यांनी अर्धा तास विचारलं. नोव्हेंबरच्या अखेरीला समितीने दोन नावं वर पाठवली, त्यात तिचं नव्हतं. कळलं तेव्हा ती तुरुंगाच्या भेटखोलीत होती आणि फोन बाहेर लॉकरमध्ये होता. बाहेर आल्यावर तिने निरोप ऐकला आणि पार्किंगमधून घरी फोन केला. फोन देवदत्तने उचलला.

तिने सांगितल्यावर त्याने वॉल्टरला, समितीला, स्वतःला कसलाही बोल लावला नाही. त्याने विचारलं, "आता तू कुठे चालली आहेस?"

"कोर्टात. दोन वाजता सुनावणी आहे."

कसली, त्याने विचारलं. असं त्याने पूर्वी कधी विचारलं नव्हतं. तिने सांगितलं. छपरांचं काम करणारा तेवीस वर्षांचा मुलगा होता, त्याच्या जामिनाच्या अर्जावर सुनावणी होऊन नऊ आठवडे झाले, निकाल अजून राखून ठेवलेला. तोवर तो आत. आज मी निकाल मागणार आहे.

"आम्ही आलो तर चालेल?" देवदत्त म्हणाला. "मागे बसू."

ते कोर्टात पोचले तेव्हा दोनला पाच मिनिटं होती. वसुधा आणि देवदत्त शेवटच्या बाकावर बसले. बाकावर आधीच एक बाई होती, साठीची, अंगावर हॉटेलातल्या सफाईचा गणवेश, त्यावर कोट. ती पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

नऊ वर्षं एका जजच्या खटल्यांची पानं चाळणाऱ्या देवदत्तने आपल्या मुलीला कोर्टात उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. ती बोलायला उठली, आणि ती इतकं हळू बोलते याचंच त्याला पहिल्यांदा आश्चर्य वाटलं. तिने तारखा सांगितल्या, बाकी फारसं काही नाही. जज, एक थकलेली मध्यमवयीन बाई, म्हणाली की मुद्दे गुंतागुंतीचे आहेत, पुढच्या आठवड्यापर्यंत देते.

वीणा बसली नाही.

"युअर ऑनर, मी आज मागते आहे. उत्तर नाही असेल तरी आज. माझ्या अशिलाची आई इथे आहे. गेले नऊ आठवडे ती रोज सकाळी माझ्या ऑफिसला फोन करते आणि मी तिला सांगते, जजसाहेब विचार करत आहेत. उद्या मला ते सांगायचं नाहीये."

सरकारी वकील अर्धवट उठला आणि परत बसला. जज वीणाकडे बघत राहिली. देवदत्तने वसुधाचा हात धरला होता आणि तो किती घट्ट धरलाय हे त्याच्या लक्षात नव्हतं. जजने समोरची फाइल उघडली. चार वाजता परत या, ती म्हणाली, मी निकाल देईन.

लोक उठायला लागले. शेजारच्या बाईला एवढं कळलं की काहीतरी हललं आहे. तिने मोडक्या इंग्रजीत वसुधाला विचारलं, तुम्ही कुणाचे, तुमचंही कुणी आत आहे का.

"नाही," वसुधा म्हणाली. तिने पुढे बोट केलं, जिथे वीणा खाली वाकून त्या मुलाशी बोलत होती. "ती माझी मुलगी."

बाईने वसुधाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. चार वाजेपर्यंत ती दोघं तिच्याबरोबर बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिली. देवदत्त एकदाही उठून फेऱ्या मारायला गेला नाही. सव्वाचारला दार उघडलं आणि आतून हाक आली तेव्हा सगळ्यांत आधी उठली ती वसुधा.